कोंबडीखाद्य लहान, बंद आणि तारखेच्या पिशवीत द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परसातल्या दहा कोंबड्या दिवसभर बाहेर चरत असतील, तर संध्याकाळी प्रत्येकीला मूठभर, म्हणजे ४०-५० ग्रॅम खाद्य पुरतं. दिवसाला अर्धा किलो. बाजारात गोणी मिळते ती ५० किलोची. जूनच्या सुरुवातीला आणली तर ती थेट चतुर्थीच्या आसपास संपणार. कोकणच्या पावसात भरडलेलं धान्य इतके दिवस चांगलं राहत नाही, हे इथल्या कुठल्याही बाईला विचारा. म्हणून आम्ही सुटं खाद्य घेतो आणि सगळा घोळ तिथेच होतो.

मी कुडाळ तालुक्यात राहते. वाडीतल्या बचत गटाचं दप्तर माझ्याकडे असतं. गटातल्या बहुतेक जणींच्या खुराड्यात पाच-पंधरा कोंबड्या आहेत. अंडी आधी घरातली मुलं खातात, उरली तर विकायची. सुटं खाद्य घ्यायला गेलं की गोणी दुकानाच्या दाराशी उघडी असते, पावसाची झड येते तिथेच. तारखेची चिठ्ठी गोणीच्या शिवणीत असते आणि शिवण उसवताना ती केव्हाच गेलेली असते. खाद्य कधी दळलं, पिलांचं की अंड्यावरच्या कोंबडीचं, कशाचाच पत्ता नाही.

गेल्या श्रावणात माझ्या जाऊबाईंनी असाच मक्याचा भरडा आणला. आठवड्या-दोन आठवड्यांत अंडी कमी झाली, कोंबड्या पिसं फुलवून कोपऱ्यात बसू लागल्या, दोन मेल्या. पशुवैद्यकांनी त्यातली एक उघडून दाखवली. काळीज, म्हणजे यकृत, गडद तांबडं असायला हवं, ते फिकट पिवळट होतं आणि बोटाने दाबलं की चुरत होतं. खाद्यातल्या बुरशीचं विष असावं, असं ते म्हणाले. उरलेला भरडा घेऊन दुकानात गेलो, तर उत्तर मिळालं, "वहिनी, कोंबडीक काय होता? ती उकिरड्यावरचा खाता."

हा समज फक्त त्या दुकानदाराचा नाही, घराघरातला आहे. माणसाला नको झालेलं धान्य कोंबड्यांना, ही आपली जुनी रीत. उकिरड्यावर कोंबडी किडे वेचते, टिपून टिपून खाते. बुरशी लागलेला भरडा मात्र पुढ्यात टाकला तर तिला दुसरं काही निवडायला नसतं. मका आणि भुईमुगाची पेंड यांवर ओलाव्यात जी बुरशी धरते, ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, ते भुईमुगाच्या अशाच पेंडीमुळे, आणि त्यातूनच या विषाचा छडा लागला. ऊन दाखवलं, भाजलं, शिजवलं तरी ते पुरतं जात नाही. वरची बुरशीची जाळी झटकून खालचं घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. थोडं थोडं पोटात गेलं तर कोंबडी लगेच मरत नाही, पण तिची प्रतिकारशक्ती खचते. मग राणीखेत रोगाची लस टोचूनही पुरेसा उपयोग होत नाही आणि दोष लशीला लागतो. या विषाचा थोडा अंश अंड्यातही उतरतो. ते अंडं आपलीच पोरं खातात.

भारतीय मानक ब्युरोने कोंबडीखाद्यासाठी मर्यादा घातलेल्या आहेत: ओलावा ११ टक्क्यांपर्यंत, अफ्लाटॉक्सिन बी-१ किलोमागे २० मायक्रोग्रॅमपर्यंत. पण दाराशी उघड्या पडलेल्या गोणीत पहिला पाऊस पडल्यावर त्या मर्यादेचं काय राहतं?

आमच्या गटात आता खाद्य घेण्याआधी गोणीत कोपरापर्यंत हात घालतात. आत ऊब लागली तर नको. कोरडा भरडा बोटांतून सुटा गळतो. ओल लागलेला मुठीत धरून राहतो आणि गोणीच्या तळाच्या कोपऱ्यात त्याचे खडे झालेले असतात. मग वास घ्यायचा. कुबट किंवा खवट आला की तिथूनच परत. शक्य तिथे अख्खा मका किंवा ज्वारी घेऊन लागेल तसं घरी भरडतो, कारण अख्खा दाणा भरड्यापेक्षा जास्त टिकतो. अंड्याच्या कवचासाठी खाडीतल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून, कुटून वेगळ्या वाडग्यात ठेवतो. अंड्यावरची कोंबडी लागतील तेवढ्या खाते. सुक्या मासळीची डोकी मात्र जपून, त्यात मीठ फार असतं. पेरणीतून उरलेलं औषध लावलेलं गुलाबी बियाणं तर कोंबड्यांच्या वाटेलाही जाऊ देऊ नये.

पिलांच्या आणि मोठ्या कोंबड्यांच्या खाद्यातला फरकही सुट्या विक्रीत बुडतो. लेअरच्या, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीच्या, खाद्यात कवचासाठी कॅल्शियम भरपूर असतं. तेच पिलांना घातलं तर त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. हे गोणीवर छापलेलं असतं, पण दोन किलो कागदात बांधून घेणाऱ्या बाईपर्यंत पोचत नाही.

सरकार परसातल्या कुक्कुटपालनाला मदत करतं. ५० टक्के अनुदानावर २५ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि ३ नरांचा गट मिळतो, त्याचा आमच्यासारख्यांना खरंच आधार आहे. पण पक्षी देताना खाद्याचं कोणी बोलत नाही. माझी मागणी साधी आहे. खाद्य बनवणाऱ्यांनी ५ आणि १० किलोच्या बंद पिशव्या काढाव्यात. त्यांवर दळल्याची तारीख आणि कोणत्या वयाच्या पक्ष्यासाठी खाद्य आहे ते मराठीत, ठळक छापावं. दुकानदारांनी गोण्या फळीवर, भिंतीपासून सुट्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात सुटी विक्री बंद करावी. पशुसंवर्धन विभागाने जून ते सप्टेंबर दुकानांतल्या खाद्याचे नमुने तपासावेत आणि शंका आली तर नमुना कुठे, कसा द्यायचा याचा फलक तालुक्याच्या दवाखान्यात लावावा.

तोवर आमच्या गटाने सोय काढली आहे. बंद गोणी सगळ्यांसमोर फोडतो, चिठ्ठीवरची तारीख वहीत लिहितो आणि त्याच दिवशी वाटून घेतो, म्हणजे प्रत्येकीचं खाद्य दोन-तीन आठवड्यांत संपतं. पण गट नसलेल्या, एकट्या बाईने काय करायचं? लहान पिशवीला किलोमागे दोन-चार रुपये जास्त पडले तर आम्ही ते द्यायला तयार आहोत.

आपली,
एक वाचक, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग