‘किती तास झाले?’ हे आधी विचारणाऱ्यांना

पुण्यातल्या आयसीटीसींमधल्या, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-चाचणी केंद्रांमधल्या, समुपदेशक ताई-दादांना आणि लॅब टेक्निशियनना,

सप्रेम नमस्कार.

ससूनपासून पिंपरीच्या वायसीएम हॉस्पिटलपर्यंत, तुमच्या टेबलासमोर बसलेला माणूस बहुतेक वेळा धड बोलत नाही. कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, हे तो ‘मित्राचं’ म्हणून सांगतो. तुम्ही खोदून चौकशी करत बसत नाही. आधी विचारता, किती तास झाले? संबंधानंतर एचआयव्ही टाळण्यासाठी घ्यायचं औषध, म्हणजे पेप, 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि त्या आतही जितकं लवकर तितकं चांगलं. आम्हा फॅमिली डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला तुम्ही त्याच दिवशी गोळ्यांपर्यंत पोचवता, याबद्दल मनापासून आभार.

गोळी देऊन तुम्ही थांबतही नाही. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तीन औषधं एका गोळीत, रोज एक, 28 दिवस. काळजीने पित्त खवळतं, माणूस अँटासिड जेल पितो आणि त्यातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम डोल्युटेग्राव्हिरला आतड्यातच बांधून ठेवतं. म्हणून जेलच्या दोन तास आधी गोळी, नाहीतर जेलनंतर सहा तासांनी, हे तुम्ही कागदावर लिहून देता. हा बारकावा आमच्या घाईच्या ओपीडीत हमखास सुटला असता.

मग वाट बघण्याचे आठवडे. चौथ्याच दिवशी खासगी लॅबमधला निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन कुणी नाचत येतो, कुणी त्यावर विश्वास न बसून रडत येतो. दोघांनाही तुम्ही कॅलेंडर दाखवता. शिरेतल्या रक्ताची चौथ्या पिढीची (विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडं दोन्ही शोधणारी) लॅब टेस्ट साधारण 18 ते 45 दिवसांत संसर्ग पकडते. बोट टोचून केलेल्या कार्ड टेस्टला 23 ते 90 दिवस लागू शकतात. गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा, न दुखणारा चट्टा 10 ते 90 दिवसांत कधीही उठतो आणि औषधाशिवायही भरून येतो. चट्टा गेला म्हणजे रोग गेला असं माणूस समजतो. तुम्ही मात्र व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्तचाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करायला लावता. त्या कंटाळवाण्या दुसऱ्या खेपेसाठी तुमचे वेगळे आभार.

सगळ्यात जास्त धीर लागतो तो रिपोर्ट चांगले येऊनही त्रास न थांबणाऱ्यांसाठी. लघवीला जळजळ, जांघेत ठणका, जिभेवर पांढरा थर, रात्री घाम. ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून त्यांना वाटेला लावणं सोपं असतं. तुम्ही आधी लघवीचा नमुना नीट दिला होता का ते तपासता. परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडिया या गुप्तरोगांच्या तपासणीसाठी निदान तासभर लघवी न करता, धुवून न घेता, सुरुवातीच्या धारेची 20 ते 30 मिली लघवी हवी. सवयीने लोक मधल्या धारेची देतात. तोवर मूत्रमार्गातले जंतू वाहून गेलेले असतात आणि रिपोर्ट फसतो. मेडिकलमधून आणलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चार गोळ्या झाल्यात का, तेही विचारता, कारण परम्याचे जंतू आता त्या औषधाला सहसा दाद देत नाहीत. योग्य औषध घेतलं, पण जोडीदाराने घेतलं नाही किंवा सात दिवस संबंध टाळला नाही, तर तोच संसर्ग परत येतो. यातलं काही नसेल तर मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हा संबंधातून पसरणारा आणखी एक जंतू तपासायला आमच्याकडे परत पाठवता.

एवढं करूनही काही सापडलं नाही, तरच तुम्ही हातांविषयी बोलता. पू येतोय का हे बघायला दिवसातून दहादा लिंग पिळलं, डेटॉलने धुतलं, की त्यानेच जळजळ होते. गाठी सारख्या चाचपल्या की त्याही दुखतात. ताणाने ओटीपोटाखालचे स्नायू आवळलेले राहतात आणि जांघेतला ठणका आठवडेच्या आठवडे चालतो. त्रास खरा असतो, फक्त कारण संसर्ग नसतं. हे तुम्ही त्या माणसाला खोटं न पाडता सांगता. म्हणून तो चौथ्यांदा अँटिबायोटिक मागायला येत नाही.

संमतीशिवाय चाचणी नाही आणि निकाल कुणाला कळणार नाही, असं 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो. बाहेर नातेवाईक उभे असताना आवाज खाली ठेवून ते पाळणं तुमच्याकडे बघून शिकावं.

यापुढे आमच्या चिठ्ठीवर संबंधाची तारीख आणि वेळ, आधी घेतलेली औषधं आणि हिपॅटायटिस बी लसीचे डोस लिहिलेले असतील. पाठवण्याचं कारण लिहिणार नाही आणि चिठ्ठी पाकिटात बंद असेल. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी आलेल्या रुग्णाला 1097 हा मोफत हेल्पलाइन नंबर देऊ, आणि 72 तास भरत आले असतील तर सकाळची वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पाठवू.

तुमचे,
पेठांमधले आणि उपनगरांतले काही फॅमिली डॉक्टर, पुणे