मेंटेनन्सनंतर कोरा झालेला डेटाबेस : तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : तयार टेम्प्लेटमधील चुकीमुळे गेलेला डेटा आणि त्यावर मिळालेली उत्तरे

महोदय,

तुमच्या कंटेनर सेवेवर (कंटेनर म्हणजे प्रोग्राम चालवण्याचा वेगळा, बंदिस्त कप्पा) गेले पाच महिने आमचा पोस्टग्रेस १६ हा डेटाबेस चालतो. तो आम्ही हाताने उभा केलेला नाही. तुमचाच ‘तयार डेटाबेस’ टेम्प्लेट निवडला, पासवर्ड भरला आणि कायमस्वरूपी स्टोरेजचे जादा शुल्क मान्य केले. गेल्या मंगळवारी संध्याकाळी सातला तुमचे मेंटेनन्स झाले आणि डेटाबेस परत आला तो कोरा करकरीत. एकही टेबल नाही.

पहिल्या तिकिटावर उत्तर आले, “कंटेनर तात्पुरता असतो, डेटा जपणे ग्राहकाच्या हाती.” कंटेनर तात्पुरता असतो हे मला ठाऊक आहे, म्हणून तर व्हॉल्यूमचे, म्हणजे कंटेनर गेला तरी टिकणाऱ्या त्या कायमस्वरूपी स्टोरेजचे, पैसे भरतो. दुसऱ्या तिकिटावर कारण बदलले : आमची कनेक्शन्स उघडी राहिली, सर्व्हर दहा सेकंदांत बंद झाला नाही, तो मारावा लागला आणि त्यात डेटा खराब झाला असावा. चोर सोडून संन्याशाला फाशी! पोस्टग्रेसला मध्येच मारले तरी पुढच्या वेळी उठताना तो वॅलमधल्या, म्हणजे प्रत्येक बदल आधी टिपून ठेवणाऱ्या नोंदवहीतल्या, नोंदी वाचून स्वतःला सावरतो. डेटा खरोखर बिघडला असता तर त्रुटी दिसल्या असत्या, नवाकोरा डेटाबेस नव्हे.

तुमच्याच लॉगमध्ये उत्तर होते. जुना डेटा सापडला की पोस्टग्रेसची इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो तयार साचा) ‘इथे डेटाबेस आधीच आहे, नव्याने मांडणी करत नाही’ अशा अर्थाची ओळ लिहिते. मंगळवारी ती ओळ नाही, नव्या मांडणीच्या ओळी आहेत. म्हणजे सर्व्हरला डेटाचा फोल्डर रिकामाच मिळाला.

का, ते शोधण्यात माझी एक अख्खी रात्र गेली. पोस्टग्रेस १६ ची अधिकृत इमेज आपला डेटा ‘पोस्टग्रेसक्यूएल’ फोल्डरच्या आतल्या ‘डेटा’ या फोल्डरमध्ये ठेवते आणि नेमका तोच आतला फोल्डर व्हॉल्यूम म्हणून जाहीर करते. तुमच्या टेम्प्लेटने आमचा व्हॉल्यूम जोडला आहे एक पायरी वर, बाहेरच्या फोल्डरला. आतल्या फोल्डरला काहीच जोडलेले नसल्याने कंटेनर बनताना तिथे एक निनावी व्हॉल्यूम आपोआप तयार झाला आणि पाच महिने सगळ्या नोंदी त्यातच जात राहिल्या. रिस्टार्ट केला तर तोच निनावी व्हॉल्यूम परत मिळतो, त्यामुळे मी स्वतः तीनदा रिस्टार्ट करून खात्री केली होती आणि फसलो. मेंटेनन्समध्ये मात्र तुम्ही जुना कंटेनर काढून नवा बनवलात, त्याला नवा निनावी व्हॉल्यूम लागला. ज्या व्हॉल्यूमचे शुल्क मी भरत होतो, त्यात ‘डेटा’ नावाचा एक रिकामा फोल्डर तेवढा आहे. डॅशबोर्डवर त्याचा वापर पाच महिने जवळजवळ शून्य दिसत होता. ते माझ्याही नजरेतून सुटले, हे कबूल करतो.

पोस्टग्रेस १८ च्या इमेजमध्ये ही रचना बदलली आणि तिथे बाहेरचाच फोल्डर जोडायचा असतो. १८ साठी लिहिलेला टेम्प्लेट १६ ला तसाच चिकटवला असावा, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर १७ आणि त्याआधीच्या आवृत्त्या वापरणारे तुमचे सगळेच ग्राहक याच खड्ड्याच्या काठावर उभे आहेत आणि पुढच्या मेंटेनन्सपर्यंत त्यांना पत्ताही लागणार नाही.

आमचा रोजचा बॅकअप रात्री दोनला होतो, म्हणून निभावले. पण त्यानंतरच्या सतरा तासांच्या नोंदी गेल्या. त्या कदाचित अजून तुमच्या होस्टवर, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या मशीनवर, असतील. जुना कंटेनर काढताना निनावी व्हॉल्यूमही पुसला नसेल, तर तो लांबलचक आकडे-अक्षरी नावाने तिथेच पडून असणार. म्हणून त्या होस्टवरची न वापरलेल्या व्हॉल्यूमची साफसफाई आजच थांबवा, तो व्हॉल्यूम शोधा आणि जसाच्या तसा आम्हाला द्या. रिकाम्या स्टोरेजचे पाच महिन्यांचे शुल्क परत करा. टेम्प्लेट दुरुस्त करा आणि बाकीच्या ग्राहकांना पुढच्या मेंटेनन्सच्या आधी कळवा.

दोन्ही तिकिटे, मंगळवारचे लॉग आणि माउंटची (कुठला व्हॉल्यूम कुठल्या फोल्डरला जोडला त्याची) यादी सोबत जोडली आहे. उत्तर कृपया ती यादी वाचलेल्या माणसाकडून यावे.

आपला,
एक ग्राहक

ता. क. : शेअर्ड मेमरी (डेटाबेसच्या प्रक्रिया मिळून वापरतात ती मेमरी) टेम्प्लेटमध्ये मूळच्या ६४ एमबीवरच सोडलेली आहे. मोठ्या समांतर क्वेरी ‘जागा शिल्लक नाही’ म्हणून पडतात आणि डिस्क तर रिकामी असते. त्यावरचे माझे तिकीट दोन महिने उघडेच आहे.