बाबांच्या गुडघ्याबद्दल, सरांना पत्र

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. नागपुरातल्या बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या मंडळींना पत्र कुणाला आहे ते कळेलच.

बाबांचे दोन्ही गुडघे पार गेले होते. काटोलची संत्र्याची बाग भावावर सोपवून ते माझ्याकडे आले, तेव्हा भिंत धरून चालत होते. अशात एका क्लिनिकनं सांगितलं, स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशींचं, इंजेक्शन घ्या, कुर्चा (सांध्यातल्या हाडांवरची गुळगुळीत गादी) नव्यानं वाढेल, ऑपरेशनची गरजच नाही. खर्च लाखाच्या वर. आम्ही पैशांची जुळवाजुळव सुरू केली होती. शेजारची पोरगी तुमच्याकडे शिकते, तिनं हट्टच धरला, "आधी आमच्या सरांना भेटा."

ऊती वाढवणं हाच तुमचा विषय, म्हणजे तुम्ही लगेच हो म्हणाल असं वाटलं होतं. तुम्ही बाबांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि त्यांच्या तळहातावर एक पांढरी चकती ठेवली. रुपयाच्या नाण्याएवढी, पण वजन लागेना. कोसा रेशमाच्या प्रथिनापासून केलेली. भंडारा-गडचिरोलीकडे ऐनाच्या झाडांवर होतो तोच कोसा, हे कळल्यावर बाबा सावरून बसले. द्रावण गोठवून निर्वातात सुकवलं की बर्फाचे स्फटिक उडून जातात आणि त्यांच्या जागी छिद्रं राहतात. पेशी तिथं घर करतात. कोशाच्या प्रथिनात तीन अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो, आर-जी-डी, त्याला पेशी धरून राहतात, हेही तुम्ही सांगितलं. हा कोसा लवकर विरघळत नाही म्हणून विद्यार्थी किती वैतागतात, तेही.

बाबांना संत्र्याचं कलम आठवलं. म्हणाले, "म्हणजे हा खुंट अन् पेशी म्हणजे डोळा. डोळा भरला का झालं!"

तुम्ही हसलात. "काका, जंबेरीच्या खुंटात रस वाहतो. कुर्चेत रक्तवाहिनीच नाही."

त्या एका वाक्यात बाबांना जे उमगलं, ते क्लिनिकच्या रंगीत पुस्तिकेतून मलाही उमगलं नव्हतं. गुडघ्यातली कुर्चा जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाड, त्यात पेशी एक-दोन टक्के, बाकी पाणी आणि कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचं जाळं. झीज झाली तर दुरुस्तीला येणार कोण? स्वीडनमध्ये रुग्णाच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यात भरल्याचे निष्कर्ष 1994 साली छापून आले, पण ते तरुण माणसांच्या लहानशा खड्ड्यांसाठी होते. सत्तरीतल्या, दोन्ही बाजूंनी घासलेल्या सांध्यासाठी नव्हते. "माझी चकती अजून प्रयोगशाळेतल्या बशीतच आहे काका," असं तुम्ही म्हणालात. स्वतःच्या कामाबद्दल असं बोलणारा माणूस मी तरी पहिल्यांदा पाहिला.

मग तुम्ही आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं काढून दाखवलीत. रक्ताशी संबंधित मान्य आजारांतलं प्रत्यारोपण वगळलं तर स्टेम सेल हा नेहमीचा उपचार म्हणून देता येत नाही, फक्त मंजूर वैद्यकीय चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल). क्लिनिकला चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा, म्हणालात. आम्ही विचारला. फोन ठेवला गेला.

ऑपरेशन करा किंवा करू नका, असं तुम्ही एकदाही म्हटलं नाही, ते हाडांच्या डॉक्टरांवर सोडलं. पण कृत्रिम गुडघ्यातला कोबाल्ट-क्रोम आणि पॉलिथिलीन हेही बायोमटेरियलच, म्हणजे शरीरात बसवायचे पदार्थ, आणि त्याच्या किमतीवर सरकारनं 2017 च्या ऑगस्टमध्येच मर्यादा घातली आहे, हे तुमच्याकडूनच कळलं. बाबांची भीती तिथंच निम्मी झाली. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. व्यायामाच्या वेळी ते फिजिओथेरपिस्टला कोलॅजेन समजावून सांगतात, तिची सहनशक्ती मोठी आहे.

आता एक विनंती. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात त्या क्लिनिकची पुस्तिका अजून फिरते आहे. एखाद्या रविवारी सकाळी येऊन तासभर बोलाल का? येताना ती चकती आणा. चहा-पोह्याचं आमच्याकडे, आणि आंबिया बहाराची फळं उतरली की एक पेटी तुमच्या प्रयोगशाळेत पोचती होईल. नाही म्हणू नका, बाबांनी पोरांना कबूल केलं आहे.

आपला,
काटोल रोडवरचा एक मुलगा