आबांचे साडेनऊ महिने आणि आमचे सुभेदारसाहेब

सुभेदारसाहेब, नमस्कार.

तुमचं नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून लिहीत नाही, पण सातारा-कोरेगाव पट्ट्यात ज्यांच्या घरी एखादं डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळतं ते सर्व्हिसच्या नोंदीचं पुस्तक) आहे त्यांना हे कुणाबद्दल चाललंय ते कळणारच, त्याला माझा इलाज नाही. माझ्या सासऱ्यांचे पेन्शनचे कागद दुरुस्त करून दिलेत त्याचे फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, नाईकांची तब्येत कशीये" म्हणून विषय बदलता आणि फोन ठेवून देता, म्हणून म्हणलं जाहीरच लिहून टाकावं, म्हणजे मधेच ठेवता येणार नाही.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. माझे सासरे, आम्ही आबा म्हणतो, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून नाईक म्हणून रिटायर झालेत, ट्रेनिंग बेळगावला. 14 फेब्रुवारी 1966 ला भरती, 30 एप्रिल 1984 ला घरी. मधे 71 ची लढाई, त्याचं पूर्वी स्टार पदक घरात आहे. पेन्शन बँकेत येत होती आणि आलीये म्हणजे बरोबरच असणार असं धरून इतकी वर्षं चाललं होतं, कारण फौजेचा कागद चुकतो हे आबांना मान्यच नाही. मग सगळ्यांची पेन्शन स्पर्श या ऑनलाइन पोर्टलवर गेली, लॉगिन करून आपली माहिती बघायची असते, ओटीपी माझ्या फोनवर येतो म्हणून ते काम माझ्याकडं आलं. तिथं सगळं एका जागी दिसलं, नाव बरोबर, नंबर बरोबर, बँक बरोबर आणि भरतीची तारीख 3 डिसेंबर 1966. ही चूक काही तिथली नाही, कुठल्यातरी जुन्या कागदातून ती तशीच चालत आली होती, आमच्या डोळ्यापुढं पहिल्यांदा आली एवढंच.

मी आबांना वाचून दाखवलं तर ते काही बोललेच नाहीत, उठून अंगणात गेले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "मग फेब्रुवारीपासनं मी बेळगावात काय मामाकडं राहायला गेलतो व्हय?"

आता पैशाचं. वन रँक वन पेन्शन 1 जुलै 2014 पासून लागू झालं, त्याच्या तक्त्यात तुमची रँक काय आणि सर्व्हिस किती यावर आकडा ठरतो, आणि ते तक्ते अर्ध्या अर्ध्या वर्षाच्या ओळींनी पुढं सरकतात. वरचे महिने तीन किंवा जास्त असले की अर्धं वर्ष धरतात, तीनच्या आत असले तर सोडून देतात. आबांची खरी सर्व्हिस अठरा वर्षं अडीच महिने, म्हणजे अठरा. चुकीच्या तारखेनं ती होते सतरा वर्षं जवळजवळ पाच महिने, म्हणजे साडेसतरा. गेले साडेनऊ महिने, पण तक्त्यात खाली यायचं एकच ओळ. रक्कम इथं लिहीत नाही पण कुणाचं घर बुडेल इतकी ती नव्हती हे खरं आहे, आणि नेमकं हेच आम्हाला जिथं जाऊ तिथं ऐकवलं गेलं. एका ऑफिसात तर सरळ म्हणाले, फरक किरकोळ आहे, या वयात म्हाताऱ्याला कशाला हेलपाटे घालायला लावता. एक एजंट भेटला, तो करून देतो म्हणाला पण ओरिजिनल डिस्चार्ज बुक आणि ॲडव्हान्स दोन्ही आत्ताच द्या म्हणाला. आबांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो स्वतःच गप्प झाला.

मग शेजारच्या गावातल्या एका माजी सैनिकांनी तुमचं नाव सांगितलं, म्हणाले फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसात आयुष्य काढलेला क्लार्क माणूस आहे, सकाळी पडवीत बसतो, जावा.

तुम्ही पहिल्याच दिवशी आबांशी भांडण काढलंत हे मला कायम लक्षात राहील. आम्ही चहा पण संपवला नव्हता आणि तुम्ही पुस्तक चाळत सहज विचारलंत, "नाईक, कधी गैरहजर होता का? रजेवरनं उशिरा आला, क्वार्टर गार्डमधे, कोठडीत बसला, असं काही?" आबा खुर्चीतून उठलेच. "मला काय भगोडा समजलाय का?" मला वाटलं संपलं आता, जायचं घरी. तुम्ही मात्र शांत बसून म्हणालात, बसा, मला तुमच्या तोंडून ऐकायचं नाही, मला फायलीचं तोंड बंद करायचंय, कारण सर्व्हिस कमी दिसली की पलीकडचा माणूस पहिला संशय हाच घेणार की मधले काही दिवस नॉन क्वालिफाइंग आहेत, गैरहजेरीचे नाहीतर सजेचे, ते धरत नाहीत. ते नाहीत हे आपणच पहिल्या ओळीत पुराव्यासकट सांगायचं. आणि शेवटच्या पानावरचं कॅरेक्टर एक्झेम्प्लरी, म्हणजे आदर्श, असं वाचून तुम्ही पुस्तक आबांच्या हातात असं दोन्ही हातांनी परत दिलंत, तेव्हा आबा बसले. साहेब, मी त्या घरात सून म्हणून येऊन बरीच वर्षं झाली, आबांना कुणी एवढं बोलून परत खाली बसवलेलं मी बघितलं नव्हतं.

ते डिस्चार्ज बुक आबांच्या काळ्या ट्रंकेत असतं, जिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव रंगवलंय, अजून वाचता येतं. पानं पिवळी पडलीत, कडेला वाळवी लागून गेलेली, आणि भरतीच्या तारखेवर नेमका जांभळा शिक्का बसलाय, त्यामुळं 14 दिसतं, महिना दिसतो आणि वर्ष अर्धं शिक्क्याखाली. झेरॉक्स काढली की तिथं नुसता काळा डाग. तुम्ही ते पान खिडकीत उजेडाला धरून तिरकं करून बघितलंत, मग मला फोनवर तसाच तिरका फोटो काढायला लावलात, त्यात शाई वेगळी आणि शिक्का वेगळा दिसला. किती साधी गोष्ट, पण तोपर्यंत सगळ्यांनी त्या डागाची झेरॉक्स बघूनच मान हलवली होती. आणि हो, तुम्ही ओरडला होतात ते सगळ्यांसाठी लिहिते, जुनं डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नका आणि ओरिजिनल कुणाच्याही हातात सोडू नका, कुणीही असो.

पण मग 3 डिसेंबर आली कुठून हे कोडंच होतं. 14 चं 3 कसं होईल आणि फेब्रुवारीचं डिसेंबर कसं होईल, टायपिंगची चूक असती तर अशी नसती झाली. तुम्ही दोन-तीन दिवस यावर काही बोलला नाहीत. नंतर आमच्या घरी आलात (साधा चहा सांगून पोहे संपवलेत ते जाऊ दे) आणि भिंतीवरचा फोटो बघत उभे राहिलात. बेळगावचा, आबांच्या प्लाटूनचा, काळा-पांढरा, ओळीनं बसलेली सगळी पोरं, सगळ्यांचे कान मोठे दिसतायत कारण केस बारीक कापलेत, आणि खाली मधोमध पाटीवर खडूनं तारीख. 3 डिसेंबर 1966. कसम परेडचा दिवस.

घरातले सगळे तो फोटो रोज बघतात, मी तर दर दिवाळीला पुसते. पाटी कुणी वाचलीच नव्हती.

मग तुम्ही समजावून सांगितलंत ते असं, की माणूस भरती होतो त्या दिवशी त्याचं नाव चढतं, नंबर पडतो आणि पेन्शनची सर्व्हिस तिथून मोजायला लागतात. ट्रेनिंग पूर्ण झाल्यावर झेंड्यासमोर कसम घेतात ती अटेस्टेशन, तोपर्यंत तो रंगरूट, नंतर जवान. दोन्ही तारखा शीट रोलमधे, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसातल्या त्याच्या नोंदीच्या कागदात असतात, शेजारी शेजारी. कुणीतरी कधीतरी उतरवून घेताना एक रकाना सोडून शेजारचा उचलला. म्हणजे आबांचं अख्खं ट्रेनिंगच सर्व्हिसमधून गेलं. चूक कुणाच्या हातून झाली ते शोधायच्या भानगडीत तुम्ही पडला नाहीत, म्हणालात तोही कारकूनच होता आणि त्याच्यापुढं पण ढीग असणार.

आबांचा राग तेव्हा मला खरा कळला. एरवी ते लढाईचं फार बोलत नाहीत, पण ट्रेनिंगचं विचारा. बूट चावून टाचा सोललेल्या, उस्तादाचा रगडा, घरनं पत्र आलंय आणि वाचता येत नाही म्हणून दुसऱ्याकडनं वाचून घ्यायचं, एवढ्यातच त्यांची आजी गेली आणि सुट्टी मिळाली नाही. फौजेतला सगळ्यात अवघड काळ तोच आणि कागद म्हणत होता की तेव्हा तुम्ही फौजेत नव्हताच. ज्यांना फरक किरकोळ वाटला त्यांनी फक्त तक्त्यातली ओळ बघितली होती.

अर्जाचं पण सांगायलाच पाहिजे. आमच्या ह्यांनी अर्ज लिहिला होता त्यात देशसेवा, रक्त, सातारा जिल्ह्याची परंपरा, पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावलेलं अपशिंगे मिलिटरी गाव, सगळं होतं. तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "साहेब, लिहिलंय झकास, पण रक्त मेडिकल बोर्डाला दाखवायचं असतं, रेकॉर्डला तारीख दाखवायची." आणि सगळं खोडून एका पानाचा अर्ज केलात. वर नंबर, रँक, नाव, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर. मग काय लिहिलंय, काय पाहिजे, पुरावा कुठल्या पानावर. डिस्चार्ज बुकच्या सही केलेल्या प्रती, तो तिरका फोटो, कसम परेडचा फोटो, पीपीओ, आधार, पासबुक. खाली एक विनंती की शीट रोल आणि लाँग रोल या तुमच्याकडच्या नोंदींशी ताडून बघावं. शेवटची ओळ महत्त्वाची म्हणालात, कारण आपल्या कागदावर विश्वास ठेवा असं म्हणायचं नसतं, तुमचाच कागद काढून बघा असं म्हणायचं असतं.

आणि तो अर्ज प्रयागराजला नाही, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला. आम्ही थेट प्रयागराजला पाठवणार होतो कारण पीपीओ तिथून येतो. तुम्ही सांगितलंत की तिथले लोक पेन्शन मंजूर करतात, पण माणूस कधी भरती झाला हे त्यांना रेकॉर्ड ऑफिस सांगतं, त्यामुळं दुरुस्ती आधी रेकॉर्डला, मग ते पुढं कळवणार आणि मग दुरुस्त पीपीओ निघणार. हे एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर किती लोकांची वर्षं वाचली असती. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पण पत्र जोडून घ्यायला लावलंत, तिथल्या लोकांनी नीट करून दिलं, त्यांचेही आभार.

मग वाट बघणं. पाऊस झाला, दसरा झाला, आबा रोज विचारायचे आणि मी रोज लॉगिन करून नाही म्हणायचे. मधे एक पत्र आलं, डिस्चार्ज बुकच्या एका पानाची स्पष्ट प्रत मागणारं, मी घाबरले, तुम्ही हसलात, म्हणालात पत्र आलं म्हणजे फाईल कुणाच्यातरी हातात आहे, गप्प असतात तेव्हा घाबरायचं. कॉरिजेंडम पीपीओ, म्हणजे तो दुरुस्त पीपीओ, आला तेव्हा आबांनी तारीख माझ्याकडनं चारदा वाचून घेतली आणि एरियर्सचा आकडा एकदाही विचारला नाही. तो ह्यांनी विचारला.

पण साहेब, मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते ज्या गोष्टीसाठी आम्ही आलोच नव्हतो तिच्यासाठी. कागद चाळता चाळता तुम्ही थांबलात आणि आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, विचारलंत, तुमचं माहेरचं नाव काय. डिस्चार्ज बुकात बायको म्हणून आईंचं माहेरचं नाव लागलेलं, आधारवर सासरचं, आणि जन्मतारखेचं वर्ष पण वेगळं. आम्हाला त्यात काय विशेष वाटलं नाही, जुन्या बायकांचं सगळ्यांचंच असं असतं. तुम्ही आबांच्या समोरच स्पष्ट बोललात, की नाईक आहेत तोवर हे त्यांच्या एका सहीनं आणि प्रतिज्ञापत्रानं होतंय, ते गेल्यावर ह्याच माऊलीला दारोदार सिद्ध करत फिरायला लागंल की मीच त्यांची बायको. फॅमिली पेन्शन तिथंच अडकते. आपल्याकडं नवरा जिवंत असताना असलं बोलणं अशुभ मानतात, मी आईंच्या तोंडाकडं बघितलं नाही. आबाच म्हणाले, "बरोबर बोलतायत साहेब, करा ते पण." ते पण झालंय आता, मागच्या महिन्यात नाव आणि तारीख दोन्ही लागली. तारखेचं राहिलं असतं तर आबा चिडून राहिले असते, पण हे राहिलं असतं तर काय झालं असतं ते मी आमच्याच आळीतल्या एका काकूंचं बघतेय, म्हणून हे जास्त.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, झेरॉक्सचे पण नाही, आणि दिलेला पेढ्यांचा बॉक्स तिथंच पोरांना वाटून टाकलात. म्हणून आता आबांचा हुकूम आहे तो कळवते. यात्रेला जेवायला यायचं, काकूंना घेऊन यायचं, कारण सांगायचं नाही. गाडी पाठवू का विचारलेलं तुम्हाला आवडत नाही हे मला माहितेय तरी विचारतेय. आणि माझ्या माहेरच्या एका मामांचं डिस्चार्ज बुक पण सोबत दाखवायचंय, त्यांच्या नावाचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन आहे, जेवण झाल्यावर बघा, आधी नको.

तुमची,
नाईकांची थोरली सून