बाबा, हे पत्र आईला वाचून दाखवा

नॉक्सव्हिल, टेनेसी, अमेरिका

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, रात्री आईची झाकपाक झाली की हे पत्र तिला सावकाश वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

चिमीच्या नावानं दर महिन्याला टपालानं एक पुस्तक येतं, फुकट. आई, तू फोनवर विचारलं होतंस, "कोण पाठवतं गं? त्यांना काय पडलंय?" तेव्हा नीट सांगता आलं नाही.

पाठवणारी बाई गायिका आहे, डॉली पार्टन. इथल्या खेड्यापाड्यांतल्या गाण्याला कंट्री म्हणतात, त्यातलं फार मोठं नाव. ती जवळच्याच डोंगरातली, सेव्हियर काउंटीची. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखंच. जन्म १९४६चा, बारा भावंडांत चौथी. वडील ली पार्टन दुसऱ्याच्या रानात वाट्यानं तंबाखू करायचे. तिच्या बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते, तर मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. आईनं चिंध्या जोडून तिला कोट शिवला आणि शिवता शिवता बायबलमधल्या योसेफाच्या रंगीत झग्याची गोष्ट सांगितली. तो कोट घालून ती मिरवत शाळेत गेली, तर पोरं हसली. १९७१ साली त्यावरचं तिचं गाणं आलं. ते ऐकलं की मला तुझी गोधडी दिसते, आई. बाबांच्या खाकी सदऱ्याचे तुकडे, आजीच्या लुगड्याचा काठ, आणि टाके घालताना तू सांगितलेल्या गोष्टी.

दहाव्या वर्षापासून ती इथे नॉक्सव्हिलमध्ये कार्यक्रमांत गायची. १९६४ साली शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं नॅशव्हिल गाठलं, कंट्री गाण्यांचं मोठं शहर.

बाबा, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. तिचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे गाणं इथल्या फार गाजलेल्या गायकाला, एल्व्हिस प्रेस्लीला, गायचं होतं. पण त्याच्या मॅनेजरनं गाण्याचे अर्धे हक्क मागितले. ती रात्रभर रडली, पण हक्क दिले नाहीत. पुढे १९९२ साली व्हिटनी ह्यूस्टन या गायिकेनं तेच गाणं गायलं आणि ते अमेरिकेत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. गाण्याचा सातबारा मात्र डॉलीच्याच नावावर. वाटणीच्या वेळी तुम्ही कोऱ्या कागदावर सही केली नव्हती, ते आठवलं.

आता पुस्तकांचं. तिच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी म्हणून तिनं १९९५ साली हे काम सुरू केलं, आधी फक्त स्वतःच्या काउंटीतल्या पाच वर्षांखालच्या मुलांसाठी. आजवर २० कोटींहून जास्त पुस्तकं गेली आहेत. लहान मुलं तिला 'पुस्तकवाली बाई' म्हणायची, आणि वडिलांना गाण्यापेक्षा त्याचंच कौतुक जास्त. सेव्हियरव्हिलच्या कोर्टासमोर तिचा ब्राँझचा पुतळा आहे, अनवाणी, हातात गिटार. ती सांगते, वडील रात्री साबणाच्या पाण्याची बादली घेऊन जायचे आणि पुतळ्यावरची कबुतरांची घाण धुऊन यायचे. शनिवारी आम्ही तो बघायला गेलो होतो. चिमी त्याच्या पायांना हात लावून आली.

आई, सातवीत तू माझ्या प्रगतिपुस्तकावर अंगठा उठवलास. मैत्रिणींना दिसू नये म्हणून मी ते पान दुमडून ठेवलं, आणि पुढच्या वेळेपासून बाबांचीच सही घेतली. तुला ते कळलं होतं. तू काही बोलली नाहीस. ही बाई इतक्या लोकांपुढे आपल्या बापाबद्दल मान वर करून सांगते, आणि मी इथे आठ वर्षांत तुझ्याबद्दल एकालाही सांगितलं नव्हतं. सोमवारी ऑफिसात जेवताना सांगितलं. माझं चुकलं, आई.

डिसेंबरात आम्ही येतोय. चिमी तिची पुस्तकं आणणार आहे. चित्रं बघ आणि तुझ्या मनानं गोष्ट सांग तिला, अक्षरांत काय लिहिलंय ते राहू दे. तिच्यासाठी गोधडी शिवणार असशील तर माझा शाळेचा निळा स्कर्ट पेटीत तळाशी आहे, त्याचा एक तुकडा घाल.

तुमची,
ताई