आजोबांच्या पिशवीला तेल लावू नकोस

फोंडा, गोवा
नागपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय विजू,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री तू पाठवलेले फोटो पाहिले. आजोबांची रेल्वेतली गार्डाची पिशवी लोंढ्याच्या घरात माळ्यावर सापडली, हे वाचून मी आनंदाने उठूनच बसलो. मग तुझी शेवटची ओळ वाचली, "रविवारी खोबरेल चोळून दिवसभर उन्हात ठेवतो आणि चवथीला घेऊन येतो", आणि छातीत धस्स झालं. तुझा फोन बंद. वहिनींच्या फोनवर "पिशवीला कुणी हात लावू नका" एवढाच निरोप टाकलाय. आता सगळं सविस्तर लिहायला बसलोय, कारण या गोष्टी फोनवर धड सांगून होत नाहीत.

तेल लावू नकोस, विजू. खोबरेल नको, एरंडेल नको, बुटांचं पॉलिश तर नकोच नको. ऊनही दाखवू नकोस. घरात पितांबरी आहे म्हणून बक्कल घासायला घेऊ नकोस. ओलं फडकं फिरवायचा मोह होईल, तोही आवर.

माझ्या बाबांची शाळेची बॅग तुला आठवत असेल. सायकलच्या हँडलला अडकवलेली, दोन पट्ट्यांची. बाबा गेल्यावर मी ती उतरवली आणि चार रविवार मन लावून खोबरेल चोळलं. जेवढं लावावं तेवढं चामडं पीत होतं, मला वाटलं, किती तहानलेलं आहे! जुलैत कपाट उघडलं तर सगळ्या बॅगेवर पांढरा थर. बुरशी समजून पुसला, आठ दिवसांत पुन्हा हजर. बऱ्याच दिवसांनी कळलं की त्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. काही ठिकाणी बुरशी होती आणि काही ठिकाणी चामड्यात न मावलेली चरबी वर आली होती. ओळखायची खूण सोपी आहे. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा लांबून सोडायची. चरबी असेल तर पांढरेपणा वितळून दिसेनासा होतो, बुरशी ढिम्म हलत नाही.

पण तोवर मी घाबरलो होतो आणि बॅग एका शहरातल्या दुरुस्तीवाल्याकडे देऊन बसलो होतो. ती परत आली तेव्हा चकाचक होती. वरचा थर घासून काढलेला, गडद तपकिरी रंग मारलेला, आतलं अस्तर बदललेलं. त्या अस्तरावर बाबांनी निळ्या शाईने स्वतःचं नाव आणि "इयत्ता सातवी अ" असं लिहिलं होतं. जुनं अस्तर कुठे आहे असं विचारलं, तर म्हणाले, फेकलं. ती बॅग आजही माझ्याकडे आहे, पण ती उघडावीशी वाटत नाही. तुझ्या आजोबांच्या पिशवीचं असं होऊ नये म्हणून हे एवढं लांबण लावतोय.

आता फोटोंबद्दल. झाकणावरचा ठसा मी मोठा करून पाहिला. "एम. अँड एस. एम. आर." म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. ही कंपनी १९०८ साली दोन कंपन्या एकत्र येऊन झाली आणि १४ एप्रिल १९५१ला सदर्न रेल्वेत विलीन झाली. म्हणजे पिशवी या त्रेचाळीस वर्षांतलीच, ना आधीची ना नंतरची. आजोबा कोणत्या साली नोकरीला लागले ते घरच्या कागदांत मिळालं तर हा काळ आणखी आवळता येईल. गोव्यातली लाइन वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेची होती, पण १९०२ पासून ती चालवायला सदर्न मराठाकडेच दिलेली. त्यामुळे कॅसलरॉकहून घाट उतरून गोव्यात कुळ्याला येणाऱ्या गाड्यांवर ही अक्षरं फिरतच होती. १९५५ला नाकेबंदीत ती वाहतूक बंद पडली. तू म्हणतोस, ठसा पुसट आहे, त्यात काळा रंग भरू का? नको. तिरका उजेड टाकून एक फोटो काढून ठेव, अक्षरं स्पष्ट दिसतील.

मला खरी काळजी आहे ती दुसऱ्या फोटोची. झाकण जिथे दुमडतं तिथे विटकरी भुकटी दिसतेय आणि तुझ्या अंगठ्यालाही तोच रंग लागलाय. ती धूळ नव्हे, ते चामडंच आहे. इंग्रजीत याला रेड रॉट म्हणतात, आपण तांबडी कूज म्हणू. झाडांच्या सालींनी कमावलेलं चामडं हवेतला गंधकाचा धूर शोषून घेतं, आत त्याचं आम्ल होतं आणि ते चामड्याचे धागे तोडत जातं. तुझ्या आजोबांची पिशवी तर वर्षानुवर्षं कोळशाच्या इंजिनामागे फिरलेली. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने पुस्तकांच्या चामडी बांधणीबद्दल समिती नेमली होती. १९०१ साली तिने सांगितलं की काही प्रकारच्या सालींनी कमावलेलं चामडं गॅसच्या दिव्यांच्या धुराने आणि प्रकाशाने लाल पडून लवकर विरतं. आपल्याकडचं तरवडाच्या सालीचं चामडं त्याच गटात मोडतं. हिरड्यातलं द्रव्य वेगळ्या गटातलं, ते जास्त टिकतं.

या कुजीवर उलटा उपाय नाही. तुटलेले धागे तेलाने जुळत नाहीत. तेल शिरलं की भुकटीचा चिखल होतो. पाणी पडलं तर तिथे काळा, कडक डाग पडतो आणि तो कायमचा. चामड्यावर पाण्याचा थेंब टाकून ते कोणत्या पद्धतीने कमावलंय हे बघायची एक रीत आहे, ती तुला कुणी ना कुणी सांगेलच. निरोगी चामड्यावर ठीक आहे, या पिशवीवर चुकूनही करू नकोस. पट्ट्याची कापलेली कड बघितली तरी कळतं. आतपर्यंत एकसारखा तपकिरी रंग असेल तर सालीचं, मधोमध निळसर राखाडी रेघ असेल तर क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने कमावलेलं. तुझ्या फोटोत आतपर्यंत तपकिरीच आहे.

करता येतं ते एवढंच, की भुकटी जागच्या जागी धरून ठेवायची. हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज नावाची पांढरी पूड मिळते, ग्रंथालयांत जुन्या बांधणीसाठी वापरतात. दोन ग्रॅम पूड शंभर मिली शुद्ध अल्कोहोलमध्ये रात्रभर फुगू द्यायची आणि मऊ ब्रशने पातळ हात द्यायचा. आधी आतल्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, रुपयाएवढ्या जागेवर करून बघायचं, कारण रंग थोडा गडद होतो. माझ्याकडे पूड आहे. तू आलास की आपण दोघं मिळून करू.

एक मनात आलं ते लिहितो. आपल्या भाषेत कातडं वेगळं आणि चामडं वेगळं, हे मला जुन्या चामड्याच्या या नादामुळेच नीट उमगलं. कातडं कमावलं की त्याचं चामडं होतं. चवथीच्या आरतीला आपण घुमट, ते मडक्याचं वाद्य, वाजवतो त्यावर असतं ते कातडं, न कमावलेलं. पूर्वी ते घोरपडीचं असायचं. वन्यजीव कायदा १९७२चा, त्यामुळे ते बंद झालं आणि आता बकऱ्याचं लावतात. जुन्या चामड्याच्या बाजारातही हा कायदा विसरून चालत नाही. मगरीच्या, सापाच्या कातड्याच्या जुन्या पर्स इथे कुणीतरी दाखवतंच. मी हात मागे घेतो.

आता शिवणीकडे येतो, कारण तुझ्या पिशवीची डावी बाजू अकरा टाके उसवलेली आहे आणि "इथला मोची मशीनवर दहा मिनिटांत मारून देईल" असं तू लिहिलंयस. पुढून आणि मागून दोन्हीकडचे फोटो तू काढलेस हे फार बरं केलंस. दोन्ही बाजूंना टाके सारखेच तिरके दिसतात. म्हणजे एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोर गेलेल्या. खोगीर शिवणाऱ्यांचा टाका हा. एक टाका झिजून तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा नुसते एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की ओढताच ओळच्या ओळ सुटते.

मशीनची सुई जुनी भोकं बघत नाही, तिच्या अंतराने नवी पाडत जाते. त्याने काय होतं ते मी स्वतः केलंय. मडगावात एका जुन्या घराचं सामान विकायला काढलं होतं, तिथून मी एक सूटकेस आणली. आफ्रिकेहून परतलेल्या कुटुंबाची, कुलुपावर "चेनी, इंग्लंड". झाकणावर अजून जहाजाचं लेबल चिकटलेलं, "नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज", म्हणजे प्रवासात लागणार नाही, खाली मालाच्या कोठारात टाका. तिच्या मुठीची शिवण गेली होती. माझ्याकडे टाक्यांच्या खुणा पाडायच्या दोन दातेरी छिन्न्या आहेत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गंजलेल्या लोखंडाच्या ढिगात मिळालेल्या. घासलेटात भिजवून, पितळी ब्रशने हळूहळू गंज काढल्यावर दोन्हींवर ८ आकडा उमटला. एकीवर डिक्सन, वॉल्सॉल, म्हणजे इंग्लंडची. दुसरीवर ब्लांशार, पॅरिस. आकडा एकच, म्हणून हाताला आली ती घेतली आणि हातोडीने खुणा पाडत गेलो.

ती पॅरिसची होती, आणि सूटकेसची भोकं इंग्रजी मापाची. इंग्रजी ८ म्हणजे इंचाला आठ दात, दोन दातांत साधारण ३.२ मिलिमीटर. फ्रेंच आकडा मोजतात तो त्यांच्या जुन्या इंचावर, आणि तो सत्तावीस मिलिमीटरचा. म्हणजे अंतर ३.४. फरक केसाएवढा, पण आठव्या टाक्याला तो अर्ध्या टाक्याएवढा होतो, आणि नवं भोक बरोबर दोन जुन्या भोकांच्या मधे पडतं. मूठ शिवून सुंदर दिसली. सूटकेस भरून उचलली मात्र, आणि पोस्टाच्या तिकिटांचा कागद फाटावा तशी पट्टी त्या भोकांवरून फाटली. ऐंशी-नव्वद वर्षं टिकलेलं चामडं माझ्या हातून पाच मिनिटांत गेलं.

तेव्हापासून मी जुन्या वस्तूत नवं भोक पाडत नाही. छिन्नी कपाटात ठेवून देतो आणि बोथट सुई घेतो, म्हणजे ती जुन्या भोकातूनच जाते. हे मला इथल्या बसस्टँडजवळ बसणाऱ्या चर्मकार काकांनी शिकवलं. मूळचे अथणीकडचे, कोल्हापुरी चपला करणाऱ्या घरातले. मी माझी रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, धार लावून घ्यायला गेलो होतो. त्यांनी ती धार बघितलीच नाही, आधी मूठ तळव्यात फिरवली आणि म्हणाले, "हा माणूस डावखुरा होता." मग दाखवलं, मुठीला अंगठ्याचा खळगा उलट्या बाजूला झिजलेला. मी ती रापी वर्षभर वापरत होतो आणि मला कधी दिसलं नव्हतं! मूठ नवी बसवून घ्यायचा विचार मी तिथेच सोडून दिला. त्यांची स्वतःची आरी, म्हणजे भोक पाडायची टोचणी, टोकाशी खाच असलेली. दोरा खालून त्या खाचेत धरून वर ओढतात. आरी-भरतकाम म्हणतात ते याच आरीचं. तुझ्या पिशवीचे फोटो मी सकाळी त्यांना दाखवले. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि एवढंच विचारलं, "भोकं फाटली नाहीत ना?" फाटलेली नाहीत, विजू. अकराच्या अकरा शाबूत आहेत. म्हणून म्हणतो, मशीनखाली घालू नकोस.

बक्कलाभोवती हिरवा मेणासारखा चिकटा आहे, तो पितळ आणि चामड्यातलं जुनं तेल यांचा. बांबूच्या काडीने कोरडाच खरवडून काढ, घाई न करता.

आणि तोवर ठेवायची कशी? प्लास्टिकमध्ये नाही. आत जुन्या मलमलचे बोळे हलके भर, म्हणजे आकार बसणार नाही. वर्तमानपत्र भरू नकोस, त्या कागदात आम्ल असतं. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून, भिंतीला न टेकवता, पंख्याची हवा लागेल अशा खोलीत ठेव. कापडाच्या घडीत वेखंडाचा तुकडा चालेल, चामड्याला चिकटून नको. आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरायला लागते, आणि माझ्या खोलीतला काटा आज नव्वदवर आहे. लोंढ्यालाही फार वेगळं नसेल.

झाकण उघडझाप करू नकोस. सगळ्यांना दाखवायची हौस मी समजू शकतो, पण प्रत्येक वेळी त्या दुमडीतून थोडी भुकटी गळते. झाकण आहे त्या स्थितीत राहू दे.

येताना रेल्वेनेच ये, पिशवी मांडीवर घेऊन. कुळ्याला मी गाडी घेऊन उभा राहीन. तागाचा दोरा मी मेण लावून तयार ठेवलाय, सुयाही घासून बोथट केल्यात. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान आणायचं काम यंदा माझ्याकडे आहे, त्यामुळे चवथीच्या आदल्या दिवशी माझा हात रिकामा नसेल. तू दोन दिवस आधी आलास तर निवांत बसता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. काकूंच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळव.

तुझा,
सदा

ता. क. उसवलेल्या जागी जुन्या दोऱ्याचे दोन तुकडे लोंबताना दिसतात. ते ओढून टाकू नकोस. आपोआप गळाले तर कागदाच्या पुडीत घालून आण. नवा दोरा किती जाड घ्यायचा ते मला त्यावरूनच ठरवायचंय.