यंदा 30 सप्टेंबरला मी येणार नाही

पुणे, 8 सप्टेंबर 2024

ती. अण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

काल गणपती बसले. मोदक विकतचे आणले, हे आईला आधीच सांगून टाकते. हे सगळं फोनवरच बोलणार होते, पण तू "जेवलीस का" विचारतेस, मी "हो" म्हणते आणि बोलणं तिथंच संपतं. म्हणून पत्र. अण्णा, चष्मा लावून सावकाश वाचून दाखवा. मधलं गाळू नका. तुम्ही गाळता.

यंदा 30 तारखेला, भूकंपाच्या दिवशी, मी किल्लारीला येणार नाही. दसऱ्याला येते, चांगली चार दिवस राहते, तिकीटही काढलंय. रजेची अडचण नाही, ह्यांनी अडवलेलं नाही, पोराची परीक्षा नाही. लग्न झाल्यापासून एकदाही चुकले नाही. दीड महिन्याचं पोर घेऊन आले तेव्हा आई, "ओली बाळंतीण कुठं निघालीस" म्हणून तू रागावली होतीस. तेव्हा मला वाटायचं, ही माया आहे. माया होतीच. पण तिच्या आत भीती होती. मी भूकंपाच्या स्मृतिस्तंभापाशी फूल वाहिलं नाही तर वर्षभरात तुम्हा दोघांपैकी कुणाला तरी काहीतरी होणार, हे डोक्यात पक्कं बसलेलं. आणि त्या भीतीचं न ऐकणं हाच सध्या माझा उपचार आहे.

घाबरू नका. मार्चपासून मी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाते. वेड लागलेलं नाही, नोकरी चालू आहे, पगार वेळेवर होतो, पोराचा डबा वेळेवर जातो. आजाराचं नाव ओसीडी, म्हणजे भीतीपोटी तेच तेच परत परत तपासत राहणं, आणि जोडीला नैराश्य. रात्री गॅसचं बटण पंधरा-पंधरा वेळा बघायचे, मग दाराची कडी, मग पोराच्या नाकाशी बोट. साडेतीनला जाग यायची आणि घड्याळात भूकंपाची वेळ, 3 वाजून 56 मिनिटं, होऊन जाईपर्यंत अंथरुणावर बसून राहायचे. हिवाळ्यात तर रविवारी केस विंचरायलाही उठवत नव्हतं. ह्यांनी महिनाभर काही न बोलता चहा करून दिला आणि एके दिवशी अपॉइंटमेंट घेऊनच आले. जावयाला फार बोलू नका, तो लाजतो.

गोळीची काळजी करू नका. ती झोपेची नाही, तिचं व्यसन लागत नाही. गुण सावकाश येतो, या आजारात अडीच-तीन महिनेही लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नसते. (आई, बीपीची गोळी उन्हाळ्यात तू कुणाच्या सांगण्यावरून बंद केली होतीस, मला ठाऊक आहे.) तू पाठवलेला अंगारा देव्हाऱ्यात आहे. रोज लावते. गोळीही घेते.

समुपदेशक मॅडम वेगळ्या आहेत. त्यांचा अभ्यास ऐकायला सोपा वाटतो: गॅस एकदाच बघायचा आणि झोपायला जायचं. पहिल्या रात्री छाती अशी धडधडली की वाटलं, आता गेले. अर्धा-पाऊण तास तळमळले, मग भीती आपोआप उतरली. बटण बघितलं की भीती लगेच पळते, म्हणूनच दुसऱ्या दिवशी ती दामदुपटीनं येते, असं मॅडम म्हणतात. दामदुप्पट म्हटल्यावर मला सावकारच आठवला.

शनिवारी आमचा गट बसतो. आठ-दहा माणसं, सतरंजी, पातळ चहा. कुणी काय बोललं ते बाहेर काढायचं नाही असा नियम आहे, तेव्हा तुम्हालाही सांगणार नाही. फक्त माझं सांगते. तिसऱ्या शनिवारी मी त्या रात्रीचं, विसर्जनाहून आल्यावर झोपायच्या जागेवरून बारक्याशी झालेलं भांडण सांगितलं. तुम्हाला ते माहीत आहे हे मला माहीत होतं, आणि आपण तिघंही 31 वर्षं त्याच्या कडेकडेनं चाललो. तिथं कुणी "देवाची मर्जी" म्हटलं नाही. शेजारच्या काकांनी त्यांचा चहा माझ्यापुढं सरकवला, बस्स. त्या रात्री मी सहा तास झोपले.

आता अण्णा, हे नीट ऐका आणि मनाला लावून घेऊ नका. पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही उशाशी तांब्यावर फुलपात्र उपडं ठेवायचे, जमीन हलली तर आधी ते वाजेल म्हणून. तेव्हा धक्के खरंच येत होते. त्या फुलपात्राच्या भरवशावर मी नवव्या वर्षी झोपू शकले. माझ्या उशाशी, इथं पाचव्या मजल्यावर, या ऑगस्टपर्यंत तसंच फुलपात्र होतं. आता त्यात पोरगा दूध पितो. तुमच्यामुळं झालं असं मी म्हणत नाहीये. तसं वाटलं तर हे कडवं, मी परवानगी देते, गाळा.

पण तुम्ही अजून अंगणात झोपता. सरकारनं साडेचारशे फुटांचं घर देऊन किती वर्षं झाली, आणि तुम्ही थंडीतही बाजेवर. आत झोपा असं म्हणत नाही, मी म्हटल्यानं होणारही नाही. 14416 हा नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा. टेलिमानस म्हणतात, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. एकदा लावा. नाही लावलात तर दसऱ्याला समोर बसून मी लावून देईन. मफलर वापरा, मागच्या वर्षीचा घडीतच आहे. आई, तू बीपी दर महिन्याला मोजून घे आणि आकडे वहीत लिही, मी बघणार आहे.

30 तारखेला बारक्यासाठी शेंगा उकडशीलच. मीठ जरा जास्त घाल, त्याला लागायचं. माझ्या वाटणीच्या अण्णांना दे.

त्या दिवशी मी एकदाच फोन करीन, रात्री आठला. तुम्ही उचलला नाही तर परत लावायचा नाही असं ठरलंय. आणि परत लावलाच, तर उचलू नका.

तुमची,
ताई

ता. क. येसर संपलंय. पार्सलनं पाठवू नकोस, दसऱ्याला मीच घेऊन जाईन.